शेवट जरा रेंगाळला

"बाकी छान होतं, पण शेवट जरा रेंगाळला," असं काल एका अनोळखी गृहस्थांनी मला सुनावलं. मी केलं काय होतं? चपलेचा अंगठा तुटला म्हणून खुर्चीवर बसलो होतो.

काळ्या घोड्याला पावसाने गाठलं, म्हणून दिसेल त्या आर्ट गॅलरीत शिरलो. फुकट असते, वर एसी. रिकाम्या खोलीत समोरासमोर दोन खुर्च्या. एकीवर टेकलो, चप्पल मांडीवर घेतली आणि सेफ्टी पिन शोधू लागलो.

तेवढ्यात हे समोर येऊन बसले. साठीचे, कडक इस्त्री, गळ्यात चष्म्याची दोरी. एकटक माझ्याकडे. मी "पाऊस काय म्हणतोय?" विचारलं, तर ओठांवर बोट! बरं, मीही विरार लोकलचा माणूस. रोखून बघणाऱ्याकडे आपण रोखूनच बघतो. दोन मिनिटांत त्यांचे डोळे डबडबले. मला वाटलं, शुगर उतरली. खिशातली लिमलेटची गोळी पुढे केली. त्यांनी ती प्रसादासारखी ओंजळीत घेऊन कपाळाला लावली. मागे जमलेल्यांपैकी एका मुलीने व्हिडिओ काढला.

"मरीना?" ते पुटपुटले.

"मरीन नाही, चर्चगेटला उतरलो."

घरी लेकीने उलगडा केला. मरीना अब्रामोविच ही बाई 2010 साली न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात सातशेहून जास्त तास नुसती खुर्चीवर बसली. समोर बसून लोक रडले. आणि तेचिंग श्ये नावाच्या एकाने 1980-81 मध्ये वर्षभर, दिवसरात्र, दर तासाला कार्ड पंच केलं. तीही कला! 8,760 पैकी 133 वेळा हुकला म्हणे. एकशे तेहतीस! आमच्याकडे तीन लेट मार्कांना अर्धी रजा कापतात. सत्तावीस वर्षं पंच करतोय मी. विरार लोकल बोरिवलीला अडकली, हे साहेबांना सांगताना माझेही डोळे भरून येतात, पण ते मान वर करत नाहीत.

असो. पिन सापडली नाही. एक चप्पल पायात, एक हातात, असा लंगडत निघालो, तर टाळ्या! गृहस्थांनी दाराशी गाठून तो रेंगाळलेला शेवट काढला. "आणि चप्पल," ते म्हणाले, "जरा ढोबळ वाटली."

"इथे मोची कुठे बसतो?" मी विचारलं.

"वा!" म्हणाले.

मोची पावसामुळे बसलाच नव्हता. आणि ती गोळी शेवटची होती.