‘रन’चे ६४५ अर्थ आणि आपलं ‘लागणं’

मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास येतो. यंदा तिघांनी टाकला. सारांश असा: इंग्रजीतल्या ‘रन’ या एवढ्याशा शब्दाला ६४५ अर्थ आहेत, कारण इंग्रजांकडे शब्दच नाहीत, एकाच शब्दाला दहा गाड्यांना जुंपावं लागतं. मराठीत मात्र प्रत्येक क्रियेला स्वतंत्र शब्द. साडी नेसतात, सदरा घालतात, फेटा बांधतात. इंग्रज बिचारा सगळं ‘वेअर’ करतो. खाली जोडलेले हात आणि ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’.

अभिमान मलाही आहे, पण पुढे पाठवला नाही. उत्तर लिहायला बसलो.

आधी आकडा. तो हवेतला नाही, हे मान्य. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर या संपादकाने ‘रन’वर नऊ महिने घालवले आणि २०११ मध्ये नुसत्या क्रियापदाचेच अर्थ ६४५ भरले. क्रिकेटमधली धाव यात नाही, ती नामाच्या नोंदीत. पण म्हणून आजचा इंग्रज ६४५ अर्थ डोक्यात घेऊन फिरतो असं नाही. हा कोश शब्दाचा सगळा इतिहास मांडतो, त्यामुळे कधीच मोडीत निघालेले अर्थही त्यात आहेत. शिवाय ‘रन आऊट’, ‘रन इनटू’ अशा जोडगोळ्या त्याच हिशेबात. १९८९च्या आवृत्तीत पहिला नंबर ‘सेट’चा होता, ४३० अर्थांचा. ‘रन’ पुढे गेला तो त्याची नोंद नव्याने, बारीक चाळणीने लिहिली गेली म्हणून. अर्थ मोजणं हे वांगी मोजण्यासारखं नसतं. कोशकार कुठे फोड करतो त्यावर संख्या ठरते.

आता ‘शब्दच नाहीत म्हणून’ हा मुद्दा. पळण्यासाठीच इंग्रजीत स्प्रिंट, जॉग, डॅश, बोल्ट आहेत, घोड्याला ट्रॉट आणि गॅलप वेगळे. तोटा दिसत नाही. खरं कारण उलटं आहे. जो शब्द जिभेवर सतत असतो त्यालाच अर्थ चिकटत जातात. जॉर्ज झिफ या अमेरिकन अभ्यासकाने १९४५ मध्ये हे आकडेवारीने मांडलं: शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त. घरातली सांडशी पातेलं उतरवते, पापड भाजते, घट्ट बसलेलं झाकणही फिरवते. म्हणून कुणी त्या घराला भांड्यांवाचून गरीब म्हणत नाही.

इथे जरा रेंगाळतो, कारण गंमत इथेच आहे. ‘रन’ म्हणजे धावणे, हे आपण शाळेत पाठ केलं. पण इंग्रजांचं घड्याळ धावतं, आपलं चालतं. त्यांचा कारखाना, दुकान, इंजिन सगळं धावतं. आपलं सगळं चालतं. त्यांचं नाक धावतं, आपलं वाहतं. कपड्याचा रंग तिकडे धावतो, इकडे जातो. निवडणुकीत अमेरिकन माणूस धावतो आणि ब्रिटिश माणूस उभा राहतो. आपणही उभेच राहतो, काही जण पडतात. म्हणजे इंग्रजांच्या ‘रन’चं बरंचसं काम आपल्याकडे ‘चालणं’ करतं. ‘चालतं’ म्हणजे परवानगीही, ‘मला चहा चालतो’ म्हणजे पथ्यही नाही आणि नखराही नाही. तो शब्द काय एकाच कामाला ठेवलाय?

आणि आता मूळ दावा: मराठीत एका क्रियेला एक शब्द. परवा चहाला उकळी येईपर्यंत मी फक्त ‘लागणे’ कागदावर उतरवलं. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नळाला पाणी येईपर्यंत वाट पाहावी लागते. निकाल लागतो. नोकरी लागते, मग माणूस कामाला लागतो. झाडाला आंबे लागतात, भात बुडाला लागतो, आमटी खारट लागते. शब्द मनाला लागतात. पोराला नाद लागतो, बापाला घोर लागतो, म्हाताऱ्याचा डोळा लागतो. तो माझा मामेभाऊ लागतो. पत्ता लागत नाही, फोन तर त्याहून लागत नाही. पाऊस लागला की शाळेत जायला तासभर लागतो, आणि पोर रडू लागतं. इथे मी थांबलो, चहा उतू जायला लागला होता. हे दारिद्र्य म्हणायचं का?

नेसणे-घालणे-बांधणे हा फरक मात्र खरा आहे आणि सुंदरही आहे. चष्मा लावायचा, साडी नेसायची, हे परक्याला शिकवताना माझीच छाती फुगते. पण त्याच यादीतलं ‘घालणे’ घ्या. सदरा घालतो तोच माणूस झाडांना पाणी घालतो, लेकराला अंघोळ घालतो, पाहुण्यांना जेवायला घालतो, देवळाला प्रदक्षिणा घालतो, शेजाऱ्याला शिव्या घालतो आणि दर मीटिंगमध्ये गोंधळ घालतो. कोंबडी अंडी घालते ती वेगळीच. यादी लिहिणाऱ्याने स्वतःच्याच उदाहरणाकडे नीट पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मजकुरात शेवटी एक शेपूट आहे: इतक्या अर्थांमुळे इंग्रजीत सतत घोटाळे होतात. तर एस.टी. स्टँडवर ऐका. कोणी ओरडतो, ‘पाच नंबरला गाडी लागली!’ आणि सगळे पिशव्या उचलून पळतात. तीच गाडी घाटात शिरते, वळणं सुरू होतात आणि मागच्या सीटवरून एक बाई म्हणते, ‘ह्याला गाडी लागते हो.’ कोणी फलाट शोधत नाही. खिडकीची जागा रिकामी होते आणि कुणाच्या तरी पर्समधून आवळासुपारी निघते.