रिमिक्स म्हणजे नुसता ठेका नव्हे

रिमिक्स म्हणजे जुन्या गाण्याला ठेका चिकटवणं, असं एका लेखात वाचलं; ते अजिबात पटलं नाही. डेलेरियम या कॅनडाच्या इलेक्ट्रॉनिक संगीत गटाचं 'सायलेन्स' घ्या. मूळ गाणं १९९७ च्या 'कर्मा' अल्बममधलं: संथ चाल, मागे लॅटिन प्रार्थनेचे घोष आणि गायिका सारा मॅक्लाक्लनचा आवाज. सुंदरच आहे, पण नाचायचं गाणं नव्हे. २००० च्या सुमारास टिएस्टो या डच डीजेने त्याचा अकरा मिनिटांहून मोठा ट्रान्स (हळूहळू चढत जाणारं नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत) रिमिक्स केला. तो घाई करतच नाही. आधी बास आणि किक (ड्रमचा खोल ठोका) मुरू देतो, सिंथेसायझरच्या सुरांचे थर हळूहळू चढवतो आणि मध्येच ठेका काढून घेऊन साराला मोकळं मैदान देतो. ठेका परत येतो तेव्हा अंगावर काटा येतो हो! तेच शब्द, तोच गळा, तरी मुळातली प्रार्थना इथे आर्त हाक होते. एअरस्केप या दुसऱ्या ट्रान्स गटाचा रिमिक्सही गाजला, गाणं ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. पण माझं मत टिएस्टोलाच. फक्त रेडिओसाठी कापलेली आवृत्ती नका ऐकू, त्यात चढणच उरत नाही. पूर्ण ऐका, हेडफोन लावून, आणि मग मूळ गाणं लावा.