क्वांटम कॉम्प्युटर तपासता येत नाही? येतो!

नागपुरातल्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय: 'क्वांटम कॉम्प्युटरचं उत्तर कुणी तपासूच शकत नाही. क्युबिट बघितला की मोडतो. शेवटी कंपनी म्हणेल तेच खरं मानायचं.' (क्युबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरमधला माहितीचा सर्वात छोटा घटक.) असं वाचून हुशार पोरं या विषयाकडे पाठ फिरवतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

उत्तर तपासता येत नाही? मशीनने मोठ्या संख्येचे अवयव काढले, तर गुणाकार करून बघा. मोबाइलवरही होतो.

'बघितला की मोडतो' हे अर्धंच खरं. मोजल्यावर क्युबिटची अवस्था टिकत नाही, पण तेच सर्किट, म्हणजे गेटांची (क्युबिटांवरच्या छोट्या क्रियांची) मालिका, हजारो वेळा चालवता येतं. आरशासारखी एक चाचणी तर फारच सुंदर आहे. सगळे क्युबिट शून्यावर ठेवा, गेटांची एक रांग चालवा, मग तीच रांग उलट्या क्रमाने, प्रत्येक गेट उलटं करून. मशीन निर्दोष असेल तर सगळे पुन्हा शून्यावर येतील. सर्किट कितीही मोठं असो, यायला हवं ते उत्तर आधीच ठाऊक असतं. महासंगणक लागत नाही. रांग लांबवत गेलं की बरोबर उत्तरं किती वेगाने घटतात, त्यावरून एका गेटमागे किती चूक होते ते निघतं. काही चुका परतीच्या वाटेवर एकमेकींना खोडतात, म्हणून अधेमधे यादृच्छिक गेटं पेरतात, पण यायला हवं ते उत्तर ठाऊक राहील अशीच.

कंपनीचा शब्द? तोही इतर लोक तपासतात. २०१९ साली गूगलने ५३ क्युबिटांच्या सिकॅमोर या आपल्या क्वांटम चिपवर २०० सेकंदांत केलेल्या कामाला महासंगणकाला १०,००० वर्षं लागतील म्हटलं. आयबीएमने लगेच अडीच दिवसांचा हिशेब मांडला. २०२२ मध्ये चिनी संशोधकांनी ५१२ जीपीयूंवर (ग्राफिक्ससाठीच्या साध्या, क्वांटम नसलेल्या चिपांवर) ते सुमारे १५ तासांत केलं.

पण मेसेजमधली एक गोष्ट कबूल करावी लागेल. सिकॅमोरच्या सर्वात अवघड सर्किटांची अचूकता तेव्हा थेट मोजलीच नव्हती; छोट्या आणि सोप्या केलेल्या सर्किटांवरून अंदाज बांधला होता, आणि तो जेमतेम ०.२ टक्के होता. ही अडचण खरी आहे. संगणकशास्त्रज्ञ उर्मिला महादेव यांनी २०१८ मध्ये साध्या कॉम्प्युटरनेच क्वांटम गणित पडताळायची रीत सिद्ध केली, पण आजची यंत्रं ती मोठ्या प्रमाणावर पेलण्याइतकी सक्षम नाहीत.

तोवर बजाजनगरच्या खोलीत बसूनही आयबीएमच्या क्लाउडवर खरं मशीन थोडा वेळ मोफत वापरता येतं. प्रत्येक क्युबिटच्या चुकांचं प्रमाण तिथे उघड दिलेलं असतं. दोन क्युबिट घ्या, वरची चाचणी चालवा, आणि तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशी ताडून बघा.