प्राध्यापिका विद्यापीठ का सोडतात?

‘विभागात कितीही स्त्रिया नेमा, मुले झाली की त्या घरासाठी नोकरी सोडतात, ही गळती विज्ञान विभागांपुरती आणि पहिल्या काही वर्षांचीच असते, पुढे स्त्री-पुरुषांचे प्रमाण आपोआप जुळते,’ असा दावा अमेरिकी विद्यापीठांचा दाखला देत सध्या सर्रास फिरतो आहे. दाखला तिथला आहे, तेव्हा पडताळाही तिथल्याच आकड्यांशी घ्यावा.

‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या संशोधन-नियतकालिकात 2023 साली आलेल्या अभ्यासात 2,45,270 अमेरिकी प्राध्यापकांच्या नोंदी तपासल्या आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या सर्वेक्षणात स्त्रियांनी नोकरी सोडण्याचे वा सोडण्याचा विचार करण्याचे कारण म्हणून घर आणि काम यांच्या ओढाताणीपेक्षा विभागातील वातावरणाचा उल्लेख अधिक वेळा केला. चांगली संधी मिळाली म्हणून जाण्यापेक्षा आपल्याला बाहेर लोटले गेले, ही भावना त्यांच्यात पुरुषांहून जास्त आढळली.

पहिल्या काही वर्षांचा मुद्दा तर पार उलटा पडतो, कारण स्त्री-पुरुषांच्या गळतीतला फरक ठळक दिसतो तो कायमपद (‘टेन्यूर’, म्हणजे काही वर्षांच्या पारखीनंतर मिळणारी कायम नेमणूक) मिळालेल्यांत. यात नवल नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या, तिथल्या विज्ञान शाखेतील प्राध्यापिकांच्या स्थितीविषयीच्या 1999 च्या अहवालातही नवख्या प्राध्यापिकांना पाठबळ जाणवत होते. डावलले जात असल्याची तक्रार प्रामुख्याने ज्येष्ठांची होती, आणि पगार, जागा, साधने यांतील तफावत त्या अहवालाने मान्य केली. तिथल्याच जीवशास्त्रज्ञ नॅन्सी हॉपकिन्स यांनी त्याआधी प्रयोगशाळांची जागा चक्क टेप घेऊन मोजली होती. मोजमापाला ‘हळवेपणा’ म्हणणे अवघड असते.

विज्ञान विभागांविषयीचे विधानही टिकत नाही: 2023 च्या अभ्यासात ही तफावत विज्ञान-तंत्रज्ञानाबाहेरच्या विषयांत आणि कमी नावाजलेल्या संस्थांत अधिक आहे.

राहिला प्रमाण आपोआप जुळण्याचा मुद्दा. 2024 साली ‘ईलाइफ’ या संशोधन-नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार बहुतेक विषयांत स्त्रियांच्या प्रमाणावर गळतीपेक्षा नेमणुकांचा परिणाम कितीतरी मोठा असतो, आणि स्त्री-पुरुषांच्या गळतीतील फरक पूर्ण मिटवला तरी हे प्रमाण किंचितच वाढेल. म्हणजे नेमणुकांची पद्धत बदलून तो बदल वर्षानुवर्षे टिकवावा लागेल. गळती थांबली की सारे जुळेल, असे मानणाऱ्या आमच्यासारख्यांनीही हे ऐकून घ्यायला हवे.

महाराष्ट्राला मात्र हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. ते कायमपदावरील किंवा त्या वाटेवरील प्राध्यापकांचे आहेत. आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या अध्यापिकेला पुढच्या सत्रात बोलावलेच नाही, तर तिचे जाणे राजीनाम्यांच्या हिशेबात येत नाही.