समुद्राखाली सर्व क्षेम

गोव्याला शंभराहून अधिक किलोमीटरचा किनारा लाभलेला असला, तरी आमच्या डिचोली तालुक्याच्या वाट्याला त्यातला वीतभरही आलेला नाही. आमच्याकडे खाणी आहेत, मयेचा तलाव आहे आणि आमच्या घराण्यात गुडघ्यापुढे पाण्यात न जाण्याची परंपरा आहे. परंतु हे सांगलीच्या साडूंना पटवणार कोण? कृष्णेच्या घाटावर पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलेल्या या गृहस्थांची अशी ठाम समजूत आहे, की गोवेकर जन्माला येतानाच कल्ले घेऊन येतो. पावसाळ्यात आले असते, तर जलक्रीडा बंद असल्याची सबब तरी पुढे करता आली असती; पण ते नेमके डिसेंबरात आले आणि म्हणाले, "स्कूबा ठरवलंय, पाव्हणं. पाठीला हवेची टाकी बांधून समुद्रात बुडी! तुमचं काय, रोजचंच!"

मांडवीच्या मुखातून होडी ग्रँड आयलंडकडे निघाली. वाटेत किनाऱ्यावर किल्ला दिसला; गलबतांना इथे गोडे पाणी मिळे म्हणून या किल्ल्याला आग्वाद नाव पडले, ही माहिती मी यजमानाच्या कर्तव्यबुद्धीने दिली. पुढे साडू उभे राहून डॉल्फिन मोजत होते आणि मी बसून लाइफ जॅकेटचे पट्टे मोजत होतो.

मोरमुगावसमोरच्या त्या बेटाजवळ प्रशिक्षकाने आम्हाला धडे दिले. चष्म्याच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकायचे, हा पहिला धडा! सोवळ्याच्या घरात वाढलेल्या माझ्या तोंडाला तेव्हा कोरड पडली होती, त्यामुळे तेवढेही जमेना. कान दडले की नाक चिमटीत धरून फुंकायचे. अंगठा व तर्जनी जुळवून गोल केला की "ठीक आहे", आणि अंगठा वर केला की "मला वर न्या". "छान" म्हणून अंगठा दाखवायचा नाही, हे त्याने दोनदा बजावले.

खाली गेल्यावर मला जे दिसले, ते मुख्यतः माझेच बुडबुडे होते. एक पट्टेरी मासा माझ्या काचेशी येऊन, थकबाकीदाराकडे पाहावे तसा पाहून गेला. वर जाण्याची माझी इच्छा अनावर झाली होती, पण प्रशिक्षक दर अर्ध्या मिनिटाला बोटांचा गोल करून विचारपूस करी आणि "कसं काय?" म्हटले की घरात काहीही घडत असले तरी "बरं चाललंय" म्हणण्याची जी पिढीजात सवय आपल्याला असते, तिच्यामुळे माझीही बोटे आपोआप जुळत.

इकडे साडूंना समुद्राचा तळ इतका आवडला, की त्यांनी आनंदाच्या भरात दोन्ही अंगठे उंचावले, आणि त्यांच्या प्रशिक्षकाने त्यांना तत्परतेने वर नेले. पुन्हा खाली आले, पुन्हा खूश झाले, पुन्हा वर गेले. तिसऱ्या खेपेस त्यांना होडीतच बसवण्यात आले.

मला वर काढले, तेव्हा ते चहाचा कागदी पेला हातात घेऊन माझ्याकडे अत्यंत आदराने पाहत होते. आता संक्रांतीच्या आत त्यांचे दोन मित्र सांगलीहून येत आहेत, खास माझ्याबरोबर बुडी मारायला.