कोंडी म्हणे फुटपाथांमुळे होते

पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: रुंद पदपथांनी रस्ते खाल्ले म्हणून कोंडी होते, आपल्याकडच्या उन्हात कोणी चालत नाही, खरा उपाय उड्डाणपूल आणि रुंदीकरण हाच आहे, ‘पंधरा मिनिटांचे शहर’ हा नागरिकांना वॉर्डात डांबून ठेवण्याचा परदेशी डाव आहे, आणि मेट्रोलगत उंच इमारती उठवून शहर दाट करण्यापेक्षा लोकांना बाहेर, मोकळ्या आणि स्वच्छ हवेत वसवावे. मला हा संदेश मामांनी पाठवला, खाली ‘अगदी खरे’ असा शेरा मारून. मामांनी सत्तरी ओलांडली आहे, गाडी चालवणे सोडले आहे आणि भाजी, औषधे, बँक ही सगळी कामे ते पायी करतात. ज्यांना पदपथाची सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्याकडूनच पदपथाविरुद्ध मान डोलावून घेणारा मजकूर हसण्यावारी नेता येत नाही.

रुंद पदपथ म्हणावेत असे रस्ते पुण्यात मोजकेच आहेत. जंगली महाराज रस्ता हे त्यांतले सर्वांत ठळक उदाहरण. कोंडीसाठी बदनाम झालेली ठिकाणे मात्र हिंजवडी, वाघोली आणि कात्रज-कोंढवा रस्ता ही आहेत. वाघोलीत नगर रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस मुरूम, तुंबलेले गटार आणि उभे टेम्पो यांच्यामधून वाट काढतो; तिथे रस्ता खाणारा पदपथ नेमका कोणता, हे संदेशाच्या लेखकाने दाखवून द्यावे. एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो: जंगली महाराज रस्त्यावर गर्दीच्या वेळी दुचाकीस्वार बिनदिक्कत पदपथावर चढतात, आणि तो केवळ चालणाऱ्यांसाठी उरला आहे असे म्हणता येत नाही. पण हा दोष दुचाकीस्वारांचा आणि त्यांना न अडवणाऱ्यांचा आहे, पदपथाच्या रुंदीचा नाही.

कोणी चालत नाही, हे विधान गाडीच्या काचेतून केलेले दिसते. रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ या संस्थेच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी आणि त्याची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. मामांच्या घराजवळचा पदपथ प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी गुडघाभर खाली उतरतो आणि पलीकडे पुन्हा तेवढाच चढतो. मध्ये विजेचा डीपी, त्याला खेटून टपरी, आणि पुढे उखडलेले पेव्हर ब्लॉक. साहजिकच मामा रस्त्यावरून चालतात, आणि मग कोणीतरी म्हणते की पदपथ रिकामेच असतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मेली आणि त्यांपैकी 32,825 पादचारी होती. न चालणारी माणसे इतक्या संख्येने मरत नसतात. उन्हाबद्दल एवढेच सांगतो की त्यावरचा उपाय झाडे हा आहे, आणि रुंदीकरणात पहिली कुऱ्हाड झाडांवरच पडते; गणेशखिंड रस्त्यावर आपण ते पाहिले आहे.

उड्डाणपुलांविषयी मात्र तर्काची गरज उरलेली नाही, कारण पुरावा उपलब्ध आहे. जिल्स ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या महानगरांची 1983 ते 2003 या काळातली आकडेवारी तपासून 2011 मध्ये जो निष्कर्ष ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये मांडला, तो असा की महामार्गांच्या मार्गिका ज्या प्रमाणात वाढतात, जवळजवळ त्याच प्रमाणात वाहनांनी त्यांवर कापलेले एकूण अंतरही वाढते. रस्ता मोकळा दिसला की लोक जास्त वेळा आणि जास्त लांब गाडी काढतात, मालवाहतूक वाढते, आणि काही काळाने कोंडी होती तिथेच येते. अमेरिकेइतकी जमीन आणि पैसा असलेल्या देशाला जे साधले नाही, ते आपण कोथरूड ते हडपसर या पट्ट्यात साधू, असे मानायला कोणता आधार आहे? विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल जेमतेम दीड दशक उभा राहिला आणि 2020 मध्ये पाडावा लागला.

‘पंधरा मिनिटांच्या’ कटावर फार शाई खर्च करण्याची गरज नाही. पॅरिसमधले प्राध्यापक कार्लोस मोरेनो यांची ही कल्पना पॅरिसच्या तत्कालीन महापौर ॲन इदाल्गो यांनी 2020 च्या निवडणुकीत उचलून धरली. तिचा आशय इतकाच की शाळा, दवाखाना, दुकान आणि बाग घरापासून चालत किंवा सायकलने गाठता यावी. कसबा किंवा सदाशिव पेठेत वाढलेल्या कोणालाही यात नवे काही वाटू नये, आणि पेठेतल्या लोकांना कोणी डांबून ठेवले होते असे ऐकिवात नाही.

सर्वांत घातक मुद्दा आहे तो लोकांना बाहेर वसवण्याचा, कारण तो सद्हेतूचा वाटतो आणि प्रत्यक्षात आपण तेच करत आलो आहोत. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे समाविष्ट झाल्यावर पुणे महापालिकेचे क्षेत्र जवळजवळ दुप्पट होऊन 500 चौरस किलोमीटरच्या पुढे, म्हणजे मुंबई महापालिकेपेक्षाही मोठे झाले. इमारती आधी आल्या आणि नळ, गटारे, पीएमपीच्या बसगाड्या मागून येणार होत्या. अनेक ठिकाणी अजून टँकरच येतात. जानेवारी 2025 मध्ये गुइलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने सापडले ते सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी या समाविष्ट गावांच्या परिसरात, जिथे विहिरीच्या पाण्यावर पूर्ण शुद्धीकरण न करता केवळ क्लोरीन टाकून ते पुरवले जात होते. संदेशातली ‘मोकळी आणि स्वच्छ’ जागा ती हीच.

कचऱ्याचेही तसेच. पुण्यात 2008 पासून ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद दारोदार जाऊन ओला-सुका कचरा गोळा करतात. एक बाई ढकलगाडी घेऊन सकाळच्या वेळात कितीतरी घरे उरकू शकते, कारण ती घरे एकमेकांना लागून असतात. त्याच घरांच्या मध्ये पडीक प्लॉट आणि अर्धा-अर्धा किलोमीटर अंतर घाला. तिचे काम ट्रककडे जाईल, ट्रकच्या दोन फेऱ्यांमध्ये कचरा नाल्यात जाईल. बस, ड्रेनेज, पथदिवे या सगळ्यांचा हिशेब असाच आहे: तीच माणसे दुप्पट जागेत पसरली की प्रत्येकामागे पाइप, वायर आणि डिझेल वाढते, आणि प्रत्येक घराला दोन दुचाकी घ्याव्या लागतात. त्या दुचाकी सकाळी शहरातच येतात आणि त्यांनी केलेल्या कोंडीचे खापर पदपथावर फुटते.

संदेशात अर्धे सत्य आहे ते मेट्रोलगतच्या उंच इमारतींबद्दल. पुण्यात मेट्रो स्थानकाच्या 500 मीटर परिघात चारपर्यंत एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या चौपटीपर्यंत बांधकाम, देण्याचे धोरण आहे, आणि केवळ एफएसआय दिल्याने शहर राहण्याजोगे होत नाही. तळमजला आणि वरचे दोन मजले पार्किंगला देऊन, रस्त्याकडे आंधळी भिंत फिरवून उभा केलेला टॉवर स्थानकाशेजारी असला तरी त्यातली माणसे गाडीनेच बाहेर पडतील. त्यामुळे भांडायचेच असेल तर दाटीशी भांडण्याऐवजी परवानगीच्या अटींवर भांडावे: स्थानकापर्यंत सलग पदपथ, रस्त्याच्या बाजूला दुकाने, पार्किंगवर कमाल मर्यादा, आणि भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी पाणी व ड्रेनेज यांची पूर्तता. यांतली एकही मागणी त्या संदेशात नाही.