आज नुस्तंही नाही, गॅसही नाही

"आयज नुस्तें कितें?", म्हणजे आज मासळी कोणती, ही गोव्यात चौकशी नसते, ख्यालीखुशालीच असते. त्यावर "फोव", म्हणजे पोहे, असं उत्तर दिलं की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर लगेच काळजी उमटते: बरं नाही का घरात कुणाला? मे महिन्यात दुपारी बाराला गॅसपुढे उभं राहून पाहा म्हणावं, मग कळेल बरं कोणाला नाही ते.

मुळात गॅस न पेटवता जेवायची सोय आपल्या घरात आधीपासून आहे. नरकचतुर्दशीला चार-पाच तऱ्हांचे फोव होतात. त्यातल्या रोसातल्या (नारळाच्या दुधातल्या), ताकातल्या आणि कालयिल्ल्या (कालवलेल्या) फोवांना जाळ लागत नाही. पण दिवाळी संपली की आपण ते विसरतो आणि वर्षभर कांदा परतत बसतो.

कालयिल्ल्या फोवांना दोन वाट्या पातळ पोहे, वाटीभर ओलं खोबरं, अर्धी वाटी किसलेला गूळ, वेलची आणि चिमूटभर मीठ. क्रम चुकला की घोटाळा. आधी खोबरं आणि गूळ हाताने चोळायचे, गूळ पाझरून खोबरं चिकट ओलं दिसायला लागलं की मग पोहे, आणि दहा मिनिटं झाकण. पाण्याचा थेंब घालायचा नाही. "जरा कोरडे वाटतात" म्हणून पाणी शिंपडणारा एक तरी प्रत्येक घरात असतो, आणि त्या दिवशी सगळे लगदा खातात. माडाचा गूळ असेल तर चव बहारीची, पण तो आदल्या दिवशी सुरीने तासून ठेवा. भर दुपारी त्या दगडाशी झटापट करण्यापेक्षा भात लावलेला परवडला.

ताकातल्या फोवांना जाडे पोहे. चाळणीत धुऊन दहा मिनिटं निथळत ठेवायचे, मग ताक, किसलेलं आलं, मिरची, मीठ, कोथिंबीर. पोहे ताक पिऊन टाकतात, म्हणून वाढताना हाताशी आणखी पेलाभर हवं. फोडणी राहिली तर राहू दे. फोव म्हणजे पिष्टच, त्यामुळे सोबत मूठभर भाजके शेंगदाणे घ्या. तीस ग्रॅम दाण्यांतून सात-आठ ग्रॅम प्रथिनं मिळतात. नाहीतर चार वाजता भूक पुन्हा दारात.

ताटाची दुसरी बाजू पोदेर, म्हणजे पाववाला, सांभाळतो. त्याच्या सायकलीचा भोंपू वाजला की पोई हा पाव घ्यायचा. कोंड्याची, आतून पोकळ, कडेला चीर दिली की आयती पिशवी. आतून घट्ट दही लावायचं, मग काकडी, टोमॅटो, कांदा, मिरपूड. मीठ अगदी शेवटी, तोंडात घालायच्या आधी. काकडीला आधी मीठ लागलं की तिला पाणी सुटतं, पोईचं बूड फाटतं आणि दही कोपरापर्यंत येतं. पोई सकाळचीच हवी. संध्याकाळपर्यंत ती चामड्याची होते.

मोडाच्या मुगाची शिफारस सगळेच करतात. मीही करतो, पण थोडा कुरकुरत. मूग आठ तास भिजवायचे, पूर्ण निथळायचे, कापडात बारा तास बांधायचे. पावसाळ्यात पाणी राहिलं की मोडाऐवजी बुळबुळीत आंबूस गोळा निघतो. तो धुऊन चालत नाही, टाकायचा. आणि ज्या उबेत मोड येतात त्याच उबेत जंतूही वाढतात, म्हणून गरोदर बाई, लहान मुलं आणि वयस्कर मंडळींना कच्चे मोड देऊ नयेत. राजमा तर कोणीच कच्चा खाऊ नये. तो चांगला उकळल्याशिवाय त्यातलं विष जात नाही.

खरी गोम भिजवण्यातच आहे. ज्या दिवशी रांधायचं त्राण नसतं, त्याच्या आदल्या रात्री मूग भिजवायचं त्राण कुठून असणार? आळसाला इतकं पूर्वनियोजन लागतं हे मला फार अन्यायाचं वाटतं. म्हणून मूग उत्साहाच्या दिवशी, फोव खऱ्या पडझडीच्या दिवशी.

सोलांचं, म्हणजे आमसुलांचं, पाणी दोन्ही दिवशी. आठ-दहा सोलं पेलाभर पाण्यात अर्धा तास, मग कुस्करायची. आधी चाखा, मीठ नंतर, कारण सोलांत ते असतंच. नारळाचा रोस घातलात तर लगेच प्या किंवा फ्रिजमध्ये ठेवा. मेमधल्या उकाड्यात तो ओट्यावर काही तासांत नासतो.

आता किटलीत पाणी उकळलं तर तो स्वयंपाक धरायचा का? घरोघर या मुद्द्यावर वाद होतात. माझ्या मते नाही. तो चहा.